हाऊसकीपिंगचं कॉन्ट्रॅक्ट कुणाला मिळतं? वाळूजपासून जालना रोडपर्यंत

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना आकडे पुन्हा निवांत बघायचेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना माझं "म्हणजे बघा" फार होतं, ते बरंचसं काढलंय. थोडं राहिलंच असेल, चालवून घ्या.

विषय आला तो एका मेसेजमधून. गारखेड्याचा एक श्रोता लिहितो, "दादा, मी आणि माझा मित्र घरांची डीप क्लिनिंग करतो. सोफे, बाथरूम, पाण्याच्या टाक्या. दिवाळीआधी फोन खाली ठेवायला मिळत नाही, आणि फेब्रुवारीत फोन वाजत नाही. कंपन्यांची, हॉस्पिटलची महिन्याची कामं कशी मिळवायची? आम्ही रेट सगळ्यांपेक्षा कमी ठेवतो, तरी कोणी घेत नाही."

शेवटचं वाक्य परत वाचा. "रेट कमी ठेवतो, तरी." आजचा सगळा भाग त्या "तरी"वर आहे. कारण माझ्या मते त्याला काम मिळत नाही ते रेट कमी असूनही नाही, तर बऱ्याचदा रेट कमी आहे म्हणूनच.

मी धंदा करत नाही, कोड लिहितो. पण माझा मामेभाऊ चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ॲडमिन बघतो आणि हाऊसकीपिंगची कोटेशन्स त्याच्याच टेबलावर येतात. या भागासाठी मी दोन रविवार त्याचं डोकं खाल्लं. म्हणजे हे विकणाऱ्याच्या नाही, विकत घेणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतोय.

आधी एक मराठी उदाहरण

हाऊसकीपिंग म्हटलं की महाराष्ट्रात बीव्हीजीचं नाव येतंच. भारत विकास ग्रुप. हणमंतराव गायकवाड, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर होते. तिथे वापरात नसलेल्या केबल्स पुन्हा कामात आणून त्यांनी कंपनीचा मोठा खर्च वाचवला. वरिष्ठांचा विश्वास बसला. गावाकडच्या पोरांना काम मिळावं म्हणून त्यांनी शब्द टाकला, आणि १९९७ मध्ये इंडिकाच्या प्लांटचं हाऊसकीपिंग मिळालं. सुरुवात आठ माणसांनी. पुढे संसद भवन, राष्ट्रपती भवन इथपर्यंत त्यांची कामं गेली, आणि २०१४ पासून राज्यातली १०८ नंबरची ॲम्ब्युलन्स सेवाही.

ही गोष्ट मोटिव्हेशनल व्हिडिओत "आठ माणसांपासून हजारो माणसांपर्यंत" अशी सांगतात. मला त्यात वेगळंच महत्त्वाचं वाटतं. पहिलं काम मिळालं ते कोटेशनवर नाही. गेटच्या आतल्या लोकांना माहीत होतं की हा माणूस बोलला ते करतो. व्यावसायिक क्लायंटची पहिली ऑर्डर जवळजवळ नेहमी अशीच येते. अनोळखी माणसाच्या पत्रकावर कोणी प्लांटच्या चाव्या देत नाही.

तुमच्याकडे टेल्कोची नोकरी नसेल. पण ज्यांच्या घरी तुम्ही सोफा धुतलाय, त्यातलं कोणी वाळूजला एचआरमध्ये आहे, कोणाचं समर्थनगरला क्लिनिक आहे, कोणाचे कोचिंग क्लासेस आहेत. गारखेड्याच्या मित्रा, तुझी पहिली यादी तुझ्या जुन्या कस्टमरांच्या नंबरांतच आहे. त्यांना "काम असेल तर सांगा" म्हणू नकोस. "तुमच्या ऑफिसचं हाऊसकीपिंग कोण बघतं, त्यांचा नंबर द्याल का?" एवढंच विचार. पहिल्या प्रश्नाला लोक हो म्हणून विसरतात, दुसऱ्याला नंबर देतात.

क्लायंट नक्की काय विकत घेतो

मामेभावाला मी विचारलं, आत्ताच्या व्हेंडरचं काय आवडतं? मला वाटलं फरशी चकाचक ठेवतो वगैरे म्हणेल. तो म्हणाला, "सकाळी माणूस आला नाही तर साडेसातच्या आत दुसरा येतो. आणि महिन्याच्या बिलाला पीएफचं चलन लावलेलं असतं." फरशीचा विषयच नाही.

चलनाचं कारण समजून घ्या. कंत्राटदाराने सफाई कामगारांचा पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रम संहितांतही आहे. पीएफ आणि ईएसआयचंही तसंच. तुमच्याकडे चारच माणसं असतील, पण ती ज्या कारखान्यात काम करतात तो या कायद्यांखाली येत असेल, तर त्या चौघांनाही ते लागू होतं. तुम्ही भरलं नाही, तर वसुली कारखान्याकडून होऊ शकते.

आता त्या ॲडमिनवाल्याच्या जागी बसा. समोर एक कोटेशन आहे, माणशी चौदा हजार, सगळं धरून. तो मनात हिशेब करतो. एवढ्यात किमान वेतन, पीएफ, ईएसआय बसतच नाही. म्हणजे हा पोरगा एकतर कामगाराला कमी देणार, किंवा पीएफ बुडवणार, किंवा तीन महिन्यांत धंदा बंद करणार. तिन्ही प्रकारांत नोटीस येणार ती माझ्या कंपनीला. तुम्हाला वाटतं आपण स्वस्त आहोत. त्याला तुम्ही धोका दिसता.

हा हिशेब एकदा मांडूनच दाखवतो, कारण यूट्यूबवर सगळे "क्वालिटी द्या" सांगतात, हे कोणी सांगत नाही. उदाहरणासाठी महिन्याचा पगार १३,००० धरू. तुमचा खरा आकडा किमान वेतनाच्या ताज्या अधिसूचनेतून घ्या. महागाईचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा पीडीएफ चालणार नाही.

१३,००० वर मालकाचा पीएफ, प्रशासकीय खर्च आणि विम्यासकट १३ टक्के, म्हणजे १,६९०. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ४२३. बोनस ८.३३ टक्के, १,०८३. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ६२५. झाले १६,८२१. अजून युनिफॉर्म नाही, बूट नाहीत, भरपगारी रजा नाही, फिनेलचा एक थेंब नाही.

त्यात बदली माणसाचा खर्च. याला या धंद्यात रिलिव्हर म्हणतात, आणि नवीन लोक हाच खर्च विसरतात. साइट सातही दिवस चालू असेल, जसं हॉस्पिटल किंवा मॉल, तर प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी द्यावी लागते. म्हणजे सहा माणसांमागे सातवा. १६,८२१ चा सहावा भाग साधारण २,८००. आता आपण १९,६०० च्या वर गेलो. त्यावर तुमचा मॅनेजमेंट चार्ज, समजा आठ टक्के, की २१,००० पार. साहित्य आणि मशीन वेगळं. आणि शेवटी १८ टक्के जीएसटी.

हे सगळं एका पानाच्या तक्त्यात मांडून द्या. ओळीनुसार, काही न लपवता. तुमचा नफा सुद्धा त्यात दिसू द्या. क्लायंट घासाघीस करेल ती मग मॅनेजमेंट चार्जवर करेल, पगारावर नाही. कारण पगाराची ओळ कमी करा असं ईमेलवर लिहून द्यायला कोणी धजत नाही. आणि तोंडी सांगितलं, तर? तर तुम्ही नाही म्हणा. त्या ओळीतून जो हजार रुपया कापला जाईल तो रांजणगावच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या मावशीच्या पोराच्या फीमधून जाणार आहे.

जीएसटीवरून एक गोष्ट, जी मला स्वतःला भारी वाटली. कारखान्याला तुमचा १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा खर्च नसतो, त्यांना तो क्रेडिटमध्ये परत मिळतो. हॉस्पिटलची मुख्य सेवा जीएसटीमुक्त असल्यामुळे त्यांना ते क्रेडिट मिळत नाही, म्हणजे त्यांच्यासाठी तुमचं बिल खरोखर १८ टक्क्यांनी महाग. कोचिंग क्लास जीएसटी लावतात, त्यांना क्रेडिट मिळतं. आणि बारावीपर्यंतच्या शाळेच्या आवारातली साफसफाई जीएसटीतून सूट असलेली सेवा आहे. त्यामुळे एकच रेटकार्ड छापून चौघांना वाटणारा माणूस चौघांपैकी दोघांना चुकीचं काहीतरी सांगत असतो. कोणाला काय लागू होतं ते आपल्या सीएकडून एकदा पक्कं करून घ्या.

कोणाच्या दारात जायचं

शेंद्रा-बिडकीनकडे सगळ्यांचं लक्ष आहे. ऑरिकमध्ये प्लॉट भरतायत, २०२४ मध्ये एथर आणि टोयोटा किर्लोस्कर या दोघांनी इथे प्लांट करायची घोषणा केली. स्वप्न बघायला हरकत नाही, पण एवढे मोठे प्लांट देशभर काम करणाऱ्या फॅसिलिटी कंपन्यांकडे जातात, आणि ते टेंडर भरायलाच तुमच्याकडे तीन वर्षांची उलाढाल दाखवावी लागते. तुमचं दार म्हणजे वाळूज आणि चिकलठाण्यातले छोटे युनिट, मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे. तिथे आज "एक मावशी येते आणि वॉचमन झाडू मारतो" अशी व्यवस्था असते. मग एक दिवस मोठ्या कंपनीचा ऑडिटर येतो, टॉयलेट बघतो, रिपोर्टमध्ये लिहितो, आणि मालकाला अचानक हाऊसकीपिंग आठवतं. मासिआ आणि सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत. त्यांच्या कार्यक्रमांना हेच मालक येतात. व्हिजिटिंग कार्ड वाटू नका, दोन जणांशी नीट बोला.

नवीन बांधकामं हे दुसरं दार. इमारत तयार झाल्यावर काचेवरचा रंग, फरशीवरचं सिमेंट, फ्रेममधली धूळ काढायची असते. हे एकदाचं काम, आणि त्यात कोणी तीन वर्षांचा अनुभव विचारत नाही. पण चार दिवस तुम्ही आत असता, आणि तिथे रोजचं हाऊसकीपिंग कोण बघणार हे तेव्हा अजून ठरायचं असतं.

हॉस्पिटल हा वेगळाच प्रांत. जालना रोडच्या मोठ्या हॉस्पिटलकडे आधी जाऊ नका, वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होमकडे जा. आणि जायच्या आधी शिका. बायोमेडिकल कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी विभागणी आहे, ती तुमच्या माणसाला झोपेत विचारली तरी सांगता आली पाहिजे. टॉयलेटचं फडकं वॉर्डात जाता कामा नये, म्हणून फडकी आणि मोप रंगाने वेगळे ठेवतात. टॉयलेटला लाल, बाकीच्या भागाला निळं, स्वयंपाकघराला हिरवं ही पद्धत बरीच चालते. आणि हायपोक्लोराइट आणि टॉयलेटचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण "दोन्ही टाकलं की जास्त साफ होतं" असं मानणारे लोक मी बघितलेत.

हे शिकलेलं मॅडमना सांगून नाही, प्रश्न विचारून दिसतं. "तुमच्याकडे शार्प्सचा पांढरा डबा कुठे ठेवता?" असा एक प्रश्न, आणि मेट्रनच्या चेहऱ्यावर फरक पडतो.

साइट बघायला गेल्यावर

फोनवर रेट सांगू नका. कितीही आग्रह झाला तरी. "येऊन बघतो, मग सांगतो."

गेल्यावर चौरस फूट तर मोजाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे टॉयलेट किती, आणि एका टॉयलेटमागे माणसं किती. चार हजार फुटांच्या ऑफिसात वीस लोक असतील तर एक काम, आणि तेवढ्याच जागेत तीन बॅचचा क्लास असेल तर ते वेगळं काम. शिफ्ट कधी बदलते? जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याचे डाग आहेत का? फरशी कोणती? शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असेल तर ॲसिड लावलं की दगड खरवडला जातो, चमक परत येत नाही, आणि भरपाई तुमच्याकडून मागतात. सामान ठेवायला खोली मिळणार का? मशीनला प्लग कुठे?

आणि पाणी. पुण्याचा कोणी सल्लागार हे सांगणार नाही, पण आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे आपल्याला माहीत आहे. पाणी टँकरचं की बोअरचं, टाकी केवढी, टँकर आला नाही त्या दिवशी काय करायचं, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर नळांवर, काचांवर पांढरे डाग येतात आणि ते काढायला वेगळं केमिकल आणि जास्त वेळ लागतो. उलट हेच तुमचं विकण्याचं कारणही होऊ शकतं. बादलीभर पाणी ओतून वायपरने ढकलण्यापेक्षा चपटा मायक्रोफायबर मोप कितीतरी कमी पाण्यात काम करतो. मे महिन्यात ज्या मालकाचा टँकरचा खर्च वाढलाय, त्याला हे लगेच कळतं.

डेमो द्यायचा तर पूर्ण मजला फुकट धुऊन देऊ नका. एक टॉयलेट ब्लॉक घ्या, एक तास, आधीचा आणि नंतरचा फोटो. पुरे.

मग कामाची यादी लिहा. रोज काय, आठवड्याला काय, महिन्याला काय. जळमटं, पंख्यांची पाती, काचा, टाकी. आमच्या आयटीत याला स्कोप म्हणतात, आणि ज्याने तो लिहून घेतला नाही त्याचं काय होतं हे कुठल्याही डेव्हलपरला विचारा. "जाता जाता एवढं करून द्या" यातच नफा जातो.

एक "जाता जाता" मात्र थेट नाकारायचं. सेप्टिक टँक किंवा गटारात माणूस उतरवणं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं काम करून घेणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. क्लायंट कितीही जवळचा असो, "मशीनची गाडी बोलवा" एवढंच उत्तर. आतला वायू एका मिनिटात माणूस पाडतो, आणि त्याला वाचवायला उतरलेलाही बऱ्याचदा परत येत नाही.

ॲपबद्दल खूप जण विचारतात, मी सॉफ्टवेअरवाला म्हणून. बनवू नका. क्लायंटसोबत एक व्हॉट्सॲप ग्रुप, रोज ठरलेल्या वेळी टॉयलेटच्या चेकलिस्टचा फोटो, आणि तक्रारींसाठी एक गुगल फॉर्म. महिन्याच्या शेवटी एक पान: किती तक्रारी, किती वेळात सुटल्या, किती दिवस माणूस कमी होता. माणूस कमी होता ते लपवू नका, त्या दिवसाचे पैसे बिलातून स्वतःहून कमी करा. मामेभाऊ म्हणतो की असं स्वतःहून कमी करणारा व्हेंडर त्याने एकच बघितलाय, आणि रिन्यूअलच्या वेळी त्याने दुसरं कोटेशन मागवलंच नाही.

माणसं साइटजवळचीच घ्या. वाळूजचं काम असेल तर रांजणगाव, बजाजनगर, पंढरपूरची. सिडकोतून पहिल्या शिफ्टला वाळूज गाठणारा माणूस पावसाळ्यात टिकत नाही.

आणि पैसे

आता सगळं जमलं, दहा माणसांचं काम मिळालं. जानेवारीचं काम. बिल १ फेब्रुवारीला. पगार ७ तारखेला द्यायचेच. क्लायंट ४५ दिवसांनी पैसे देणार, म्हणजे मार्चच्या मध्याला. तोवर फेब्रुवारीचेही पगार होऊन गेलेले असतात. म्हणजे पहिला रुपया यायच्या आधी दोन महिन्यांचे पगार, पीएफ, ईएसआय तुमच्या खिशातून. वरच्या हिशेबाने दहा माणसांचे तीन लाख सहज. जीएसटी बिलाच्या तारखेवर भरायचा असतो, पैसे हातात आले की नाही यावर नाही. आणि बिल येतं तेव्हा त्यातून टीडीएस कापलेला असतो.

त्यामुळे उद्यम नोंदणी आधी करा, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत क्लायंटला घेता येत नाही, करार नसेल तर १५. आणि २०२३ च्या बदलानंतर, मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात क्लायंटला धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येतो. त्यामुळे मार्च महिन्यात अकाउंट्सवाले स्वतःहून तुमचा फोन उचलतात. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा.

गारखेड्याच्या मित्रा, तुमच्याकडे तीन लाख नसतील तर दहा माणसांचं काम आत्ता घेऊच नका. दोन माणसांचं घ्या, क्लिनिक किंवा क्लास, आणि पैसे महिन्याच्या पाच तारखेला असं ठरवून. छोटे मालक याला तयार होतात, कारण त्यांच्याकडे ४५ दिवसांची परंपराच नसते. पगाराच्या तक्त्याचा एक्सेल मी डिस्क्रिप्शनमध्ये टाकलाय. पिवळ्या खान्यांत तुमचे आकडे भरा, बाकी तो स्वतः करतो.